अल्फाचं सातवं प्रकरण

नलू, तुझी पानं आली. खामगावच्या छापखान्याचे वसंतराव स्वतः घेऊन आले, तुझी तेरवी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ओसरीत बसले, पाणी प्याले आणि पिवळ्या पाकिटातून गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "बाईंनी सांगून ठेवलं होतं, शेवटची नजर वहिनी टाकतील. कुठं बदलायचं असलं तर पेन्सिलीनं खूण करा आणि शुक्रवारपर्यंत पोचवा. मग मशीनवर चढवतो."

आज शुक्रवार. मेहकरची तीनची गाडी गाठली तरच संध्याकाळच्या आत खामगाव होतं. सकाळपासून मी तो गठ्ठा चार वेळा बांधला आणि चार वेळा सोडला. मधेच उठते, गॅसवर काही ठेवलेलं नसताना आत जाऊन पाहून येते. अंगणात जाते, वाळत घातलेल्या दोन लुगड्यांना हात लावते, परत येते. तुझे दादा खाटेवरून पाहतात.

वेलांट्या-उकार मी कालच पाहिले. दोनच चुका होत्या. अडलं आहे ते एका पानापाशी, आणि ते कोणतं हे तुला सांगायला नको. सातव्या प्रकरणातलं. तू म्हणायचीस हे पान राहील, मी म्हणायचे काढ. ते भांडण संपायच्या आधी तू गेलीस आणि आता पेन्सिल माझ्या हातात दिलीस. बरं केलंस बाई. भांडणात शेवटचा शब्द भावजयीला देणारी नणंद मी आपल्या बीबी गावात तरी दुसरी पाहिली नाही.

मी या घरात आले तेव्हा तू आठवीत होतीस. मी चौथी झालेली, तीही अर्धी. शाळेतून आलीस की भाकरी हातात घेऊन चुलीपुढं बसायचीस आणि पुस्तक उघडायचीस. "वहिनी, मी तुले समजावून सांगून राह्यली, तू फक्त हूं म्हण." तुझं पाठांतर व्हायचं, माझी शाळा व्हायची. तू दहावी झालीस तोवर मला पृथ्वी, पचनसंस्था आणि पानिपत इतकं येत होतं की दादा म्हणायचे, परीक्षेले हिलेच बसवा. पुढं तू अमरावतीला इंजिनियरिंगला गेलीस, तिथून बंगलोरला, आणि माझी शाळा पत्रांवर आली. लिहायला मला तुझ्या पत्रांनीच लावलं. उत्तर लिहायचं म्हणजे लिहावंच लागायचं ना.

अल्फा हे नाव मी पहिल्यांदा तुझ्या पत्रातच वाचलं. मला वाटलं मैत्रीण असेल. तू लिहिलंही तसंच होतं: अल्फा फार हुशार आहे, तापट आहे, आणि तिला थंड खोलीत ठेवावं लागतं, तिच्यापायी आम्ही बंगलोरात स्वेटर घालून बसतो. दिवाळीला आलीस तेव्हा मी विचारलं, "ते तुही अल्फा कोण, तिले आणायचं व्हतं." तू एवढी हसलीस की दादा बाहेरून आले. मग कळलं की ती नखाएवढी चकती, काँप्युटरचा मेंदू.

सगळ्या गोष्टींतली मला ही एक गोष्ट पक्की येते, म्हणून तुला सांगते, चुकलं तर चुकलं म्हण. अमेरिकेतली एक जुनी मोठी कंपनी. तिची आधीची मशीन शंभर तऱ्हेचे हुकूम मानायची, काही हुकूम इतके नटवे की एका हुकमात पुरणपोळी. पण कोणीतरी हुशार माणसांनी मोजून पाहिलं तर मशीन दिवसभर वापरते मोजकेच साधे हुकूम, बाकीचे नुसतं ओझं. मग त्यांनी ठरवलं, हुकूम थोडे ठेवायचे, सगळे एका मापाचे, एकेक हुकूम एवढा साधा की चुटकीसरशी व्हावा. पुरणपोळी पाहिजे तर डाळ शिजव, वाट, कणीक मळ, लाट, एकेक सांग. त्यातून अल्फा झाली. पंचवीस वर्षं चालावी अशा बेतानं बांधली होती. आली तेव्हा तिच्याइतकी पळणारी दुसरी नव्हती. आणि दहा वर्षं होत नाहीत तोच ती बंद करायचं ठरलं. कंपनी दुसरीनं घेतली, घेणारीनं दुसऱ्याच चकतीवर भरवसा टाकला, बांधणारे लोक चार दिशांना गेले. काही वर्षं जुन्या गिऱ्हाइकांसाठी विकत राहिले, मग तेही थांबलं.

यावर आपलं भांडण कितीदा झालं असेल. मी म्हणायचे, माल चांगला असून दुकान बसलं, असं होतं, कशाला जिवाला लावून घेतेस. तू ताडकन उठायचीस. "बसलं नाही वहिनी. विकलं. बसणं येगळं आन् विकणं येगळं." मी म्हणायचे, गिऱ्हाइकाले काय फरक? तू म्हणायचीस, "मले फरक हाये." त्या दुसऱ्या वाक्याला मग मी उत्तर द्यायचे नाही. तुझं पोट त्या चकतीवर होतं म्हणून नव्हे. तुझी ऐन उमेदीची सगळी वर्षं तिच्यात गेली होती, आणि आपल्याकडं लोक विचारायचे, पोरीनं लग्न काऊन नाही केलं. मी सांगायचे, केलं की, बंगलोरात, जावई जरा तापट हाये.

तुझा तो विभाग मोडला आणि तू परत आलीस, खामगावला पोरांना शिकवायला लागलीस. दर शनिवारी मेहकरला गाडी बदलून, सुलतानपूरच्या फाट्यावर अर्धा अर्धा तास ताटकळून घरी यायचीस, काखेत वही. अल्फाचा इतिहास, मराठीत. मी म्हटलं, वाचणार कोण? तू म्हणालीस, "तू. तुले समजलं तं महाराष्ट्राले समजलं." यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी अजून ठरवते आहे.

आणि काय तुझी शिकवायची तऱ्हा. अल्फेजवळ हाताशी बत्तीस कप्पे, म्हणून माझे बत्तीस डबे पाहिजेत. घरात डबे निघाले अकरा. मग वाट्या, फुलपात्री, दादांची पानाची डबीसुद्धा. सगळं ओट्यावर मांडलंस आणि मी मशीन झाले. तू चिठ्ठ्या लिहायचीस, मी चिठ्ठीबरहुकूम करायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. शेवटचा कप्पा कायम रिकामा, त्यात काही टाकलं तरी रिकामाच धरायचा. तुझे दादा म्हणाले, हा कप्पा म्हणजे मी, मले काय सांगतलं ते कुठं जाते कोणाले माहीत.

ज्वारीच्या आठ-आठ दाण्यांच्या पुड्या बांधल्या होत्यास. नियम असा की अल्फा सुटा दाणा उचलत नाही. एक दाणा बदलायचा तर पुडी आणा, सोडा, दाणा काढा, दुसरा घाला, पुडी बांधा, जाग्यावर ठेवा. तिसऱ्या पुडीला मी हात झटकले. "ज्यानं हे बांधलं त्यानं कधी घरात काम केलं नसन. एक दाणा पाहिजे तं एक दाणा उचलू दे ना बाईले." तू वहीतून मान वर केलीस. मग म्हणालीस, "वहिनी, साऱ्या जगातले लोक हेच बोंबलले. काही वर्सानं त्यायले आयकावंच लागलं. सुटा दाणा उचलायचे हुकूम मंग टाकले." त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं, अंगावर मूठभर मांस चढलं होतं ना. तू ते वाक्य पुस्तकात घातलंस, माझं नाव न घेता: एका गृहिणीचं मत. बरं झालं.

तर सातवं प्रकरण.

तू म्हणालीस, वहिनी, हे अवघड आहे, आणि हेच खरं आहे. अल्फा कामाच्या घाईत स्वतःच्या सोयीनं गोष्टी मागंपुढं करते. एकटी असली तर कोणाला कळत नाही. पण दोन अल्फा शेजारी शेजारी असल्या, एकीचं काम दुसरी पाहत असली, तर घोटाळा. तू उदाहरण दिलंस. मी डब्यात भाजी भरली आणि मग दारावर खडूनं खूण केली, भाजी तयार. आता शेजारणीला खूण आधी दिसू शकते आणि डबा अजून रिकामाच. मी म्हटलं, असं कसं, मी तर आधी भाजी भरली. तू म्हणालीस, भरलीस, पण तिला कोणतं आधी दिसावं हे तू कुठं लिहिलंस? लिहावं लागतं. मधे एक हुकूम घालावा लागतो, की इथं थांब, मागचं सगळं पोचू दे, मग पुढं. त्याला मराठीत काय म्हणावं म्हणून तू अडसर, अवरोध, कायकाय आणलंस. मी म्हटलं बांध म्हण. वावराला असतो तसा. तू पेन उचललंस आणि चाळीस ठिकाणी बांध लिहिलंस.

आणि तुझी बंगलोरची नोकरी नेमकी काय होती ते मला त्या दिवशी समजलं. जुन्या मशीन हा क्रम सवयीनं पाळायच्या. न सांगता. त्यामुळं हुकूम लिहिणाऱ्यांनी बांध घातलेच नाहीत, त्यांना वाटायचं असंच असतं. तेच लिखाण अल्फेवर आणलं की कोसळायचं, तेही रोज नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. तू ती जागा शोधायचीस जिथं कोणीतरी न लिहिलेलं गृहीत धरलं होतं. तुझं वाक्य मी तसंच्या तसं सांगते: "अल्फा चुकत नाही वहिनी. थे फक्त रिवाज पाळत नाही."

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पुढच्या शनिवारी तू ते पान आणलंस आणि वाचलंस. मी तांदूळ निवडत होते. आता समोर छापलेलं आहे:

"सवयीनं वाचण्याचं एक उदाहरण माझ्या घरचं आहे. आई आजारी असताना मला बंगलोरला तार आली, आई सिरीयस, लगेच निघ. आमच्याकडं माणूस गेलेलं असलं तरी तारेत सिरीयस असंच लिहितात, येणाऱ्याला वाटेत धक्का बसू नये म्हणून. मी तारेतला शब्द वाचला नाही, रिवाज वाचला. आई गेली असं धरून मी रडले, हातातलं काम दुसऱ्याला समजावून दिलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाले. आई तेव्हा जिवंत होती. तार लिहिणाऱ्यानं जे होतं तेच लिहिलं होतं. चूक वाचणाऱ्याची. वाचणारी मी."

मी म्हटलं, हे काढ. तू म्हणालीस, काऊन. मी म्हटलं, घरचं मरण मशीनच्या पुस्तकात कशाले. तू म्हणालीस, "मशीनचं नाही, माह्यं पुस्तक हाये." मी म्हटलं, लोक काय म्हणतील, आई वाट पाहत होती आणि पोरगी काम समजावत बसली. तू वही मिटलीस. "वहिनी, तुले माही लाज वाटून राह्यली काय?"

मी म्हटलं, हाव.

नलू, ते खोटं होतं. तुझी लाज मला एका दिवसासाठीही वाटली नाही. माझी मला वाटत होती, आणि ती तुझ्यावर ढकलली. त्यानंतर तू तीन शनिवार आली नाहीस. चौथ्या शनिवारी आलीस तेव्हा पानाची गोष्ट कोणी काढली नाही. मग पुढं दोन वर्षं अधूनमधून मी म्हणायचे, ते पान काढलं का, तू म्हणायचीस, नाही, आणि आपण दुसऱ्या विषयावर जायचो.

तार मी लिहिली होती हे तुला माहीत होतंच. कशी लिहिली ते माहीत नव्हतं.

आत्याबाई, म्हणजे तुझी आई, त्यांचं पडणं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पोरीला बोलवा. बूथवरचा फोन बंद, लोणारच्या रस्त्यावर खांब आडवा पडलेला. दादा म्हणाले, लोणारला जाऊन तार करतो, काय लिहायचं ते कागदावर दे. मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि लिहिलं: आई सिरीयस. बोलतात. तुझं नाव घेतात. लगेच निघ. चार वाक्यं. आणि खरीच होती, आत्याबाई उशीवरून पाहत होत्या मी काय लिहिते आहे ते.

दादांनी चपला घातल्या. मी तो कागद परत वाचला आणि मला त्याच्या आधीच्या साली आठवलं. मामंजींना ताप होता, मी तुला फोनवर सांगितलं होतं, पण बोलतात, जेवतात. तू म्हणाली होतीस, एवढी चाचणी झाली की निघते. आलीस सहाव्या दिवशी. मामंजी तेव्हा उठून बसले होते, म्हणून निभावलं. मला वाटलं, आत्ताही बोलतात असं वाचलंस तर म्हणशील, बोलतात ना, मग आयतवारी निघू. मला तुला घाबरवायचं होतं. लवकर यावीस म्हणून. मी मधली दोन वाक्यं खोडली आणि कागद दादांना दिला.

आणि हेही मीच केलेलं. तुझे मामा गेले तेव्हा तुला तशीच तार गेली होती, मामा सिरीयस, आणि तू आलीस तो मामांची राख सावडून झाली होती. ती तार करा असं मीच दादांना सांगितलं होतं. म्हणजे सिरीयसचा अर्थ तुला मीच शिकवला होता. मला कळायला नको होतं का? पण त्या क्षणी मला वाटलं, मी तर खरं लिहिते आहे.

आत्याबाई दोन दिवस विचारत राहिल्या. "नली आली काय?" मी म्हणायचे, निघाली आत्याबाई, रस्त्यात आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी विचारलं नाही. दुपारी सगळं उरकलं. आणि संध्याकाळी तू आलीस.

तू पळत आली नव्हतीस. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. पिशवी घेऊन सावकाश अंगणात आलीस, डोळे सुजून उतरलेले, म्हणजे रडून झालं होतं तुझं, गाडीतच. मला मिठी मारलीस, उलट मलाच थोपटलंस. म्हणालीस, "कव्हा गेली?" मी म्हटलं, आज पहाटे. तू थोपटायची थांबलीस. मागं सरकून माझ्या तोंडाकडं पाहिलंस. "आज?" मी म्हटलं, हो. "मंग तार?" मी म्हटलं, तार खरी होती.

तू ओसरीच्या पायरीवर बसलीस. पुढं कितीतरी वेळ तुझ्या खांद्यावरून पिशवी काढायचं कोणाला सुचलं नाही.

त्या वेळी सांगायचं होतं. तेव्हा नाही तर दहाव्याला, दहाव्याला नाही तर तू बंगलोरला परत निघालीस तेव्हा फाट्यावर. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आत्ता सांगितलं तर हिचं दुःख वाढेल. असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तू मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस, आणि ते न बोलणं मला गोड लागायला लागलं. तू स्वतःलाच खात राहिलीस, आणि मी तुला भाकऱ्या वाढत राहिले.

अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू झोपून होतीस, मी तुझे पाय चोळत होते. तू म्हणालीस, "वहिनी, पान ठेवजो. पुस्तकात थे एकच पान माह्यं हाये, बाकी सारं अल्फेचं." मी म्हटलं, त्या पानात एक चूक आहे. तू डोळे उघडलेस. "कोणती, ऱ्हस्व-दीर्घ?" मी म्हटलं, नाही. आणि तेवढ्यात सलाईन बदलायला सिस्टर आली, आणि तिनं तुझा हात सरळ केला, तुला दुखलं, मग मी तुझ्या तोंडात दोन चमचे पाणी घातलं, आणि मी गप्प बसले. सिस्टर पाच मिनिटांत गेली होती, नलू. मी तुला सांगते, पाच मिनिटांत गेली होती, आणि तू त्यानंतर अर्धा तास जागी होतीस. तू विचारलंसही, "काय म्हणत व्हती?" मी म्हटलं, काही नाही, मग सांगते.

तू दवाखान्यात तसं म्हणाली नसतीस ना तर मी हे पान सरळ काढलं असतं. वसंतरावांना काय कळणार होतं. एक पान कमी, प्रकरण पुरतं राहतं, मी वाचून पाहिलं. सकाळी दुसऱ्यांदा गठ्ठा सोडला तो त्यासाठीच. ते पान वेगळं काढून गादीखाली ठेवलं होतं. मग विचार आला, हे पान गेलं तर तुझं काय राहिलं त्या पुस्तकात. तूच सांगितलं होतंस. परत काढलं, परत घातलं. आणि जसं आहे तसं छापलं तर जगात कायमचं लिहिलेलं राहणार की चूक नलूची. मी पेन्सिल घेतली, "जे होतं तेच लिहिलं होतं" याच्याखाली रेघ ओढली. पुढं काय लिहावं सुचेना. मेलेल्या माणसाच्या लिखाणात आपली अक्षरं कशी घुसवायची? तू हयातीत मला एक काना बदलू दिला नाहीस.

बारा वाजता दादा जेवायला बसले. मी वाढलं, आणि समोर बसून ते पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कधी वाचलं नव्हतं, तुझ्या वहीला ते हात लावत नसत. ऐकलं, घास हातात धरून. मी म्हटलं, याच्यात खोटं आहे. मी म्हटलं, त्या दिवशी मी तारेच्या कागदावर दोन वाक्यं खोडली होती.

ते म्हणाले, "मी पाह्यलं व्हतं."

"काय पाह्यलं?"

"खोडलेलं. तारमास्तरनं विचारलं बी. म्हणे, हे वाचता येऊन राह्यलं, टाकू काय? मी म्हणलं, बाईनं खोडलं हाये तं कायतरी पाहूनच खोडलं असन. नोको टाकू."

मी म्हटलं, मंग इतके वर्स काऊन बोलले नाही?

"तू बोलली काय?"

भाकरी तशीच ठेवून ते उठले, हात धुतले, बराच वेळ धूत राहिले. परत येऊन म्हणाले, "नलीनं मले एकदा विचारलं व्हतं. आईच्या वर्षश्राद्धाले. म्हणे, दादा, तार देतानी आई बोलत व्हती काय? मी म्हणलं, मले ध्यानात नाही." आणि मग तुझे दादा, ज्यांना मी पंचेचाळीस वर्षांत रडताना पाहिलं नाही, धुतलेल्या हातांकडं पाहत उभे राहिले. म्हणजे तुला शंका होती. तू विचारून पाहिलं होतंस, आणि आम्ही दोघांनी तुला रिकाम्या हातानं परत पाठवलं, आणि तू ती शंका टाकून चूक आपल्या नावावर लिहून घेतलीस.

"लिव," ते म्हणाले. "तिच्या पानाले हात नोको लावू. तुह्यं येगळं पान लिव, त्याच्या मांगं लाव. माह्यं बी लिव त्याच्यात, मास्तरचं."

तेव्हापासून लिहीत बसले आहे. हेच ते पान. पुस्तकात स्मृतिलेख असतो म्हणतात, तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, स्वभाव कसा मनमिळाऊ. ते वसंतराव लिहितील, त्यांना छान जमतं. मला एवढंच जमलं. सातव्या प्रकरणाच्या मागं लावा म्हणून वर पेन्सिलीनं लिहिलं आहे. सुधारणा वाचणाऱ्यांसाठी आहे: तारेत जे होतं ते सगळं नव्हतं. आई बोलत होती आणि तुझं नाव घेत होती. ते कागदावर होतं. लिहिणारीनं खोडलं, नेणाऱ्यानं खोडलेलं राहू दिलं, आणि वाचणारीला जेवढं मिळालं तेवढंच तिनं वाचलं.

अडीच वाजले. दादांनी सदरा घातला आहे आणि म्हणतात, दे, मी नेऊन देतो. मी म्हटलं, नाही, यावेळी दोघं जाऊ.

एक राहिलं. तू गेल्यापासून सगळे मला म्हणतात, नणंद असून सख्ख्या बहिणीवानी व्हती, कधी तोंड वर करून बोलली नाही. मी मान हलवते. पण नलू, बोलायचं ते तुझं कारण मी माझ्याजवळ दाबून ठेवलं होतं, म्हणून बोलली नाहीस. आता घे ते. छापून तुझ्या हाती देते. आणि मग पाहिजे तेवढी रागाव माझ्यावर, मी ऐकून घेते.